रेवतीच्या ताऱ्यापासून मोजणी

शिक्षकाच्या थोरवीचे मोजमाप त्याच्या नामांकित विद्यार्थ्यांच्या यादीवरून करण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिने शिक्षकाचा गौरव होतो असे वरवर वाटले, तरी माझ्या मते तिने त्याच्यावर अन्यायच होतो. कारण यादीत विद्यार्थ्याचा पराक्रम दिसतो, त्या पराक्रमात गुरूचा अंश नेमका कोणता हे तिच्यावरून उमगत नाही. तो अंश विद्यार्थ्याच्या मतांत शोधू जावे तर बहुधा हाती काही लागत नाही. मते बदलतात, कधी गुरूच्या अगदी विरुद्ध जातात, आणि तसे होण्यात गैर काही नाही. परंतु काम तडीस नेण्याची जी पद्धत, पुराव्याविषयीचा जो आग्रह आणि चुकलेले गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडण्याची जी सवय त्याने कोवळ्या वयात गुरूपाशी उचललेली असते, ती विषय बदलला, मुलूख बदलला, तरी त्याला हयातभर सोडीत नाही.

या दृष्टीने बाळशास्त्री जांभेकरांकडे पाहावे. कोकणातील पोंभुर्ले गावी १८१२ साली जन्मलेला हा पुरुष ‘दर्पण’कार म्हणून सर्वांस ठाऊक आहे; पण १८३२ साली मराठी वृत्तपत्राचा पाया घालणाऱ्या ह्याच बाळशास्त्र्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गणित शिकविले, शून्यलब्धीसारख्या (म्हणजे आजच्या भाषेत डिफरन्शियल कॅल्क्युलससारख्या) दुर्घट विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि १८४६ साली, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, इहलोक सोडला. त्यांच्यापाशी शिकलेल्यांत १८२५ या एकाच साली जन्मलेले दोन तरुण होते: दादाभाई नौरोजी आणि केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. ह्या दोघांच्या हातून पुढे काय घडले, ते पाहण्याचे भाग्य बाळशास्त्र्यांस लाभले नाही.

दादाभाई त्याच विद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि विलायतेच्या पार्लमेंटात बसण्याचा व काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा मान मिळाल्यानंतरही ‘प्रोफेसर’ ही पदवीच आपणांस सर्वांत प्रिय असल्याचे त्यांनी सांगितले. हे सौजन्याचे बोलणे नव्हते. हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी हळहळणारे पुष्कळ होते. दादाभाईंनी सरकारचेच अहवाल उघडून, प्रांतवार लागवडीचे क्षेत्र, त्यातील पीक आणि पिकाचा बाजारभाव यांचा हिशेब मांडला, तो दरडोई सालीना सुमारे २० रुपयांवर येऊन थांबला. आणि सरकार आपल्या तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर जो खर्च करते, त्याहूनही ही रक्कम कमी भरते, हे त्यांनी सरकारच्याच दफ्तरांतून दाखवून दिले. विषय राजकारणाचा, पण बोलतो आहे तो गणिताचा वर्ग.

केरूनानांची वाट निराळी. कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, पुढे पुण्यास अध्यापन केले. त्या काळी आपली पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत असत. तो ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. रचनेच्या वेळी उत्तम, पण तीन शतकांत त्यातील सूक्ष्म चूक साचत साचत एवढी झाली होती की, पंचांगात लिहिलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहण यांचा मेळ बसेना. केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. रकान्यांमागून रकाने, राशी, अंश, कला, विकला. वाचणाऱ्यास रूक्ष वाटावे असे हे पुस्तक, पण त्यामागचा आग्रह एकच होता: आकाशात जे दिसते ते कागदावर उतरले पाहिजे, आणि न उतरल्यास दोष कागदाचा मानला पाहिजे. राशिचक्राची मोजणी कोठून आरंभावी या जुन्या वादात त्यांनी रेवती नक्षत्राच्या योगताऱ्याचा पक्ष घेतला, आणि त्या धोरणाने स्वतंत्र पंचांग सुरू केले.

डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी गणित शिकून १८७६ साली बाळ गंगाधर टिळक पदवीधर झाले. गुरू आणि शिष्य यांच्यांतील अंतर पाहण्याजोगे आहे. केरूनाना आयुष्यभर सरकारी हुद्द्यावर राहिले आणि रावबहादूर झाले. टिळकांच्या वाट्यास सरकारने मंडालेचा तुरुंग दिला. राजकीय मतांत गुरूचा वारसा शोधणाऱ्यास येथे रित्या हाताने परतावे लागेल. पण तेच टिळक वेदांचा काळ ठरविण्यास निघाले, तेव्हा केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीवर विसंबले नाहीत. वसंतसंपात मृगशीर्षात असतानाचे उल्लेख वेचून त्यांनी अयनगतीचे गणित केले, आणि १८९३ साली ‘ओरायन’ लिहिला. पंचांगशोधनाच्या वादातही ते उतरले, आणि तेथे त्यांनी जी बाजू उचलून धरली ती रेवतीच्या त्याच योगताऱ्याची. टिळक पंचांग आजही निघते. चित्रा ताऱ्यावरून मोजणी करणाऱ्या प्रचलित चित्रापक्षाहून त्याचा आरंभ सुमारे चार अंशांनी निराळा असल्यामुळे ते मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि अधिक मास वेगळा पडला की त्या वर्षी गणपती आणि दिवाळीही महिन्याच्या फरकाने होतात. त्या घरांतील गृहिणीस केरूनाना छत्रे हे नाव माहीत असेलच असे नाही. चकलीची भाजणी कधी दळावयाची, हे मात्र काही अंशी त्यांनीच ठरवून ठेविले आहे. रेवतीपक्ष खरा की चित्रापक्ष, हा वाद ज्योतिर्विदांनी सोडवावा. माझे लक्ष गुरूकडून शिष्याकडे चालत आलेल्या पद्धतीच्या धाग्याकडे आहे.

बाळशास्त्र्यांकडे अखेरच्या काळात शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे कामही होते. त्या वर्गातून जे पंतोजी बाहेर पडले, त्यांच्यापैकी कोणी दादाभाई झाला नाही, म्हणून त्यांची नावे कोणी घेत नाही. आपल्या आत्मचरित्रांतून मास्तरांच्या पगडीचे, छडीचे, करड्या आवाजाचे वर्णन पुष्कळ सापडते. पण अपूर्णांकांचा भागाकार त्यांनी कसा समजावून दिला, विद्यार्थी अडला असता त्यांनी आधी कोणता प्रश्न विचारला, हे लिहून ठेवणारे थोडे. ज्यांना आपल्या शिक्षकांचा तो प्रश्न अजून आठवतो, त्यांनी तो शब्दशः लिहून काढावा, आणि शिक्षक हयात असतील तर लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे त्यांनाच वाचून दाखवून विचारून घ्यावे.