कृत्यातले सोबती आणि परिणामांतले सोबती

राजकीय चळवळीत उतरलेल्या तरुण हॅकरांविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी घुटमळते: गट फुटला तो कोणाच्या तांत्रिक चुकीमुळे? २०११ साली बड्या कंपन्या आणि सरकारी यंत्रणांच्या संगणकांत घुसून गाजलेल्या ‘लल्झसेक’ या गटाचा म्होरक्या ‘साबू’, म्हणजे न्यूयॉर्कचा हेक्टर मॉन्सेगर, त्या वर्षी जूनमध्ये एफबीआयच्या हाती लागला आणि लगेच खबऱ्या झाला. ठावठिकाणा लपवणारे ‘टॉर’ हे जाळे न वापरता तो एकदा ऑनलाइन आला होता, एवढे सांगून सारे प्रकरण उरकले जाते. अशी हॅकिंग म्हणजे पोरखेळ असे मानणाऱ्यांना उत्तर देण्याचे कारण नाही. खोडून काढायला हवे ते अशा प्रकरणांतून काढले जाणारे ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ हे तत्त्व, कारण ते शहाणपण म्हणून खपते.

या तत्त्वाचा मुख्य दाखला जेरेमी हॅमंड या हॅकरचा. डिसेंबर २०११ मध्ये त्याने ‘स्ट्रॅटफोर’ या खासगी गुप्तवार्ता कंपनीचे लाखो ईमेल बाहेर काढले, तेव्हा ते साठवायला साबूने पुढे केलेला सर्व्हर एफबीआयचा होता. हॅमंड टॉर वापरत होता, टोपणनावे बदलत होता. पण आपण पूर्वी तुरुंगात होतो, २००४ च्या रिपब्लिकन अधिवेशनाच्या वेळी पकडले गेलो होतो, टाकून दिलेले अन्न कचऱ्यातून उचलून खातो, असे तो निरनिराळ्या नावांनी बोलून गेला होता. तपास अधिकाऱ्यांनी हे तुकडे जुळवले, शिकागोतल्या घरावर पाळत ठेवली आणि तो बाहेर पडला की त्याचे टोपणनावही ऑफलाइन होते का, हे साबूकडून पडताळून घेतले. तो बोलला नसता तर कदाचित वाचला असता, हे मान्यच करावे लागेल. मात्र ज्याच्यासोबत तुरुंगाची जोखीम पत्करायची त्याला आपण कोण, आपण आजवर काय सोसले, हे किंचितही कळू द्यायचे नाही, अशी अट घातली की चळवळ उरत नाही, निव्वळ कंत्राट उरते. शिवाय स्वतःविषयी मौन आणि कामाचा अखंड उत्साह ही खबऱ्याचीही लक्षणे असल्यामुळे, हे तत्त्व काटेकोर पाळणारा गट फितुराला ओळखणार तरी कसा?

भेद करायचा तो वेगळ्या ठिकाणी. एक भागीदारी कृत्यातली, म्हणजे ठरलेले काम मिळून पार पाडण्याची. दुसरी परिणामांतली, म्हणजे कोणी पकडला गेल्यास त्याचे घर, मुले आणि खटला कोणी सांभाळायचा हे आधीच ठरवण्याची. साबूवर नात्यातल्या दोन लहान मुलींच्या पालनाची जबाबदारी होती, आणि पोलीस दारात आल्यावर त्या हातच्या जातील ही धास्ती खरी होती. याने फितुरी क्षम्य ठरत नाही. पण त्याचे खरे नावही ठाऊक नसलेले सोबती त्या मुलींसाठी काय करू शकले असते?

याउलट ८ मार्च १९७१ रोजी पेनसिल्व्हेनियातील मीडिया गावी एफबीआयच्या कार्यालयातून कागदपत्रे पळवणारे आठजण एकमेकांना नावानिशी ओळखत होते, आणि त्यांतल्या जॉन व बॉनी रेन्स या दांपत्याने आपण तुरुंगात गेलो तर तीन मुलांना नातलगांनी सांभाळावे अशी तजवीज करून ठेवली होती. आयत्या वेळी अंग काढून घेतलेल्या नवव्याला सारे ठाऊक होते. त्याने पुढे नावे उघड करण्याची भाषाही केली, पण तसे केले नाही. एजंटांचा मोठा ताफा कामाला लावूनही एफबीआयला कोणी सापडले नाही, आणि २०१४ साली त्यांच्यापैकी काहींनी आपणहून नावे सांगितली.

प्रत्यक्ष ओळख म्हणजे अभेद्य कवच, असा याचा अर्थ नव्हे. १९७१ मध्येच न्यू जर्सीतील कॅमडेन येथे सक्तीच्या सैन्यभरतीच्या कार्यालयात शिरलेल्या युद्धविरोधकांना रॉबर्ट हार्डी या त्यांच्या मित्रानेच पकडून दिले. मात्र त्याचा लहान मुलगा अपघातात गेला तेव्हा अंत्यविधी आरोपींपैकीच एका धर्मगुरूने केला, आणि पुढे हार्डी बचाव पक्षाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. १९७३ मध्ये ज्युरीने खटला चाललेल्या सर्वांना निर्दोष ठरवले. इकडे साबू, म्हणजे मॉन्सेगर, मे २०१४ मध्ये आधीच भोगलेल्या सात महिन्यांवर सुटला, तेव्हा हॅमंड दहा वर्षांची शिक्षा भोगत होता. आणि एकाने दुसऱ्याकडे परतावे असे, कृत्याखेरीज काही, त्या दोघांमध्ये कधी उभेच राहिले नव्हते.