सल्ला कोणाचा, मुलाखत कोणाची?

सल्ल्याचे फळ सल्ला देणाऱ्याला भोगावे लागत नाही. मग त्याची जबाबदारी कोठवर? पदवी हाती पडलेल्या मुलांचे बायोडेटा फी घेऊन सजवून देणारे आमच्या नवी मुंबईत काही थोडे नाहीत. त्यांचे सारेच सांगणे खोटे असते असे नव्हे. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते पाहतो. तेव्हा हिशेबाला ‘अकाउंट्स’ म्हटल्याने सत्य काही बाटत नाही.

पण माझा एक माजी विद्यार्थी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात, एका गाळ्यावर, कॉलेज सांभाळून तीन वर्षे पहाटे हिशेब लिहीत होता. किती गोण्या उतरल्या, वजनात किती घट आली, कोणाची हमाली राहिली, सारे त्याच्या वहीत. सल्लागाराने पहिली काट मारली ती नेमकी याच ओळीवर! तेथे आले ‘नेतृत्वगुण’. पुढे ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत ‘नेतृत्व कोठे केलेत?’ असे विचारल्यावर घाम फुटला तो मुलाला. सल्लागाराची फी तोवर पचलीही होती.

औषध बाधले तर रोगी निदान वैद्याच्या दारी जातो. येथे नोकरी नाकारणारे बहुधा कारणच कळवीत नाहीत. त्यामुळे भोंदू आणि जाणता शेजारी-शेजारी सुखाने दुकान चालवितात. जाणत्याची मला एकच खूण ठाऊक आहे. लेखणी उचलण्याआधी तो विचारतो, “रोज किती गोण्या? हिशेब कधी चुकला होता का? मग काय केलेस?”