मॅगव्हीलचा आरसा करण्याआधी

चि. बंडूस,



तुला आरशासारखी चमकवायची आहेत त्या चारही चाकांचे फोटो पोचले. सगळं फोनवर सांगितलं असतं, पण पॉलिश पेपरचे नंबर तोंडी सांगितले की त्यातले दोन तू गाळतोस. म्हणून लिहून पाठवतोय. जिथे काम करशील तिथल्या भिंतीला हा कागद चिकटव.

आधी एक ठरव. चाकं कायमची उघडी ठेवायची तयारी आहे का? कारखान्यातून आलेलं अलॉयचं चाक, म्हणजे आपलं मॅगव्हील, सहसा उघडं नसतं. बहुतेकांवर चंदेरी रंग असतो. तुझी डायमंड कट आहेत, म्हणजे चेहरा लेथवर तासून त्यावर पारदर्शक लॅकर मारलेला. फोटोत कडेपासून आत सरकलेल्या पांढऱ्या, वळवळत्या रेघा दिसताहेत, तो गंज लॅकरच्या खाली आहे. दगड लागून टवका उडाला, तिथून तुमच्या रत्नागिरीची खारी ओल आत शिरली आणि थराखालून वाट काढत गेली. वरून कितीही चोळलंस तरी रेघा जायच्या नाहीत, लॅकर काढावाच लागेल. आरसा झाल्यावर पुन्हा लॅकर मारू म्हणशील, तर आरशासारख्या गुळगुळीत धातूवर तो नीट धरत नाही, चमकही मारतो आणि काही पावसाळ्यांत त्याच रेघा परत उमटतात. तेव्हा आरसा हवा तर धातू उघडा, आणि धातू उघडा म्हणजे दर महिन्या-दोन महिन्यांनी हातात फडकं. सोलापूरच्या कोरड्या हवेतल्या माणसाला मी एवढं बजावलं नसतं.

माझं विचारशील तर पूर्ण चाकाच्या मागे लागू नकोस. आऱ्यांचे पुढचे सपाट चेहरे आणि बाहेरची कड तेवढी उजळ. आऱ्यांच्या बगला आणि आतला भाग रंगवलेलाच राहू दे. तिथे हात पोचत नाही, ब्रेकची धूळ सगळी तिथेच बसते, आणि गडद रंगाला लागून असली की चकाकी उठून दिसते.

तू पाठवलेला अमेरिकन ट्रकचा व्हिडिओ पाहिला. ती चाकं फोर्ज केलेली असतात. अल्कोआ कंपनीने ट्रकसाठी तसलं चाक १९४८ साली काढलं, आणि तिथले ट्रकवाले ती चाकं घासण्यात सुट्ट्या घालवतात. दाबून घडवलेल्या धातूचा पोत घट्ट असतो. तुझं चाक ओतीव आहे. अशा चाकांना बहुधा ए३५६ हा मिश्रधातू वापरतात, त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन असतं. ओतकामात बारीक हवेची भोकं राहतात आणि वरची कातडी घासली की सुईच्या टोकाएवढी ती उघडी पडतात. त्यात पॉलिशचा काळा मळ बसतो. एखादं भोक दिसलं म्हणून त्याच्या मागे खोल जाऊ नकोस, खाली दुसरं असतंच. ओतीव चाकाचा आरसा हातभर अंतरावरून बघायचा.

टायर उतरवून घे. लॅकर काढायचा रिमूव्हर रबराला लागू नये आणि कडेवर मोकळा हात चालावा, म्हणून. बॅलन्सिंगची वजनं निघतील, ती नंतर नव्याने लागतील. मग चाक नीट तपास, तडा दिसला तर ते भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण या धातूची ताकद उष्णतेने दिलेली असते आणि उष्णतेनेच जाते.

लॅकर काढायला रंगाच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो, तोच वापर. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. थर फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवड. कॉस्टिक सोडा लावू नकोस, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. सोड्याने अ‍ॅल्युमिनियमची पातेली काळी पडतात, हे ताईला विचार. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही नको. लॅकर पुरता निघाला का, हे ओळखायला पांढऱ्या फडक्यावर ब्रासो पॉलिशचा थेंब घेऊन चोळ. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर अजून थर आहे.

आता मुख्य काम. अ‍ॅल्युमिनियम मुळातच प्रकाशाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. खगोलदुर्बिणींच्या आरशांवरही त्याचाच थर असतो. म्हणजे चमक बाहेरून आणायची नाही, आड येणारे चरे घालवायचे. पॉलिश पेपर चरे पाडण्याचंच काम करतो, फक्त दर नंबरला ते बारीक होत जातात. ४०० नंबरच्या कागदावरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, १००० चा १८ आणि २००० चा १० मायक्रॉनचा. एका चऱ्याच्या जागी त्याहून बारीक चरा, इतकाच हा खेळ आहे. त्यात नंबर गाळला की मधला मोठा चरा तसाच राहतो. नवशिके ४०० वरून थेट १५०० वर उडी मारतात आणि वर पॉलिश थापतात. सावलीत ते छान दिसतं. गाडी उन्हात काढली की सगळे चरे चमकत वर येतात. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, चरा पुसत नाही, चऱ्यालाही चकाकी देतो.

म्हणून क्रम असा. लेथच्या गोल रेघा ३२० ने काढ. कड फुटपाथला घासलीय, तेवढ्याच जागी आधी २२०. मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००, सगळे वॉटर पेपर, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून. सपाट जागी कागदामागे रबराचा ठोकळा धर, गोलाईवर स्पंज. नुसत्या बोटांनी घासलंस तर बोटांच्या खाचा उमटतील आणि आरशात चेहरा लाटांसारखा हलेल. प्रत्येक नंबरला दिशा बदल: ४०० आऱ्याच्या लांबीत, ६०० आडवा, ८०० पुन्हा लांबीत. आडवं घासताना उभे चरे शिल्लक असले की लगेच दिसतात, आणि ते दिसेनासे होईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. कंटाळा ४०० आणि ६०० लाच येईल, कारण तेव्हा चाक आधीपेक्षा वाईट दिसतं, राखाडी आणि मेलेलं. तिथेच सगळा वेळ दे, एका चाकाला सुटीचा अख्खा दिवस धर. १००० नंतर काम पळतं. दर नंबरनंतर चाक, हात, बादली सगळं धू. ४०० चा एक कण १५०० च्या कागदाखाली सापडला तर पुन्हा मागे यावं लागतं.

टायर जिथे बसतो ती आतली कड, हबला टेकणारा भाग आणि नटांची निमुळती बैठक, या तीन जागांना कागद लावायचा नाही.

मग बफ. आधी शिवलेल्या कापडाचा कडक बफ आणि पॉलिशची तपकिरी वडी, मग सुट्या कापडाचा मऊ बफ आणि पांढरी वडी. दोन वड्यांना एकच बफ नको, आणि लोखंड घासलेला बफ तर नकोच. वडी चिमूटभर लाव. जास्त लावली की काळा चिकट थर बसतो. उद्यमनगरात आमच्या कामाच्या जागी आहे तसं मोठं यंत्र तुझ्याकडे नाही, ड्रिलवर लहान बफ लावून कर. बफची धार आऱ्याच्या काठात अडकली की ड्रिल हातातून फिरतं, म्हणून फिरत्या बफची कडा काठावरून बाहेर जाईल अशा बाजूने धर, काठावर चढेल अशी नाही. सैल बाही आणि सुती हातमोजे ड्रिलजवळ नकोत. धातूवर हात ठेववेनासा झाला की थांब. काळा मळ राहिला तर वर मैदा भुरभुरून मऊ कापडाने पूस, तेल शोषून घेतो.

धुळीबद्दल ऐक. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी पेटते आणि हवेत तरंगत असली तर स्फोट होतो. २ ऑगस्ट २०१४ ला चीनमधल्या कुनशान शहरात एका कारखान्यात असा स्फोट झाला. तिथे गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकंच पॉलिश होत होती. १४६ माणसं गेली. तुझ्या ओसरीवर तेवढी धूळ कधी होणार नाही, पण पेपरकाम ओल्यानेच कर, बफिंग वाऱ्यावर, तोंडाला एन-९५ मास्क, जवळ विडी-काडी नाही. व्हॅक्यूम क्लीनरने ती भुकटी ओढू नकोस, ओल्या फडक्याने टिपून घे. आणि घासलेला ओला गाळ झाकणबंद डब्यात साठवू नकोस, त्यातूनही हायड्रोजन सुटतो.

शेवटी ऑटोसॉल किंवा तत्सम मेटल पॉलिश हाताने, आणि वर मेणाचा पातळ हात. मेण पावसाळ्यात लवकर उतरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर धुण्यानंतर नवं लाव. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूने चाक धू, गरम असताना नाही. समुद्राकाठी गाडी लावलीस तर त्याच रात्री गोड्या पाण्याचा हात फिरव.

पहिलं चाक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. पहिल्याला हौस संपली तर उरलेली तीन रंगवून घे आणि तेही रंगव. त्यात लाज काही नाही, माझ्या गाडीचीही रंगवलेलीच आहेत.

चाकं बसवताना हबवरचा गंज घासून काढ, नटांच्या बैठकीवर ग्रीस लावू नकोस, नट समोरासमोरच्या जोडीने आवळ. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नकोस. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपास.

ताईला नमस्कार, भावजींनाही.

तुझा
मामा