जहाजावरील केबिन, किल्ली आणि कुटुंबातील न्याय

स्नेहाने बांधलेल्या माणसांना आपापसांत न्यायाची गरज असते का, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे; मात्र त्याची चर्चा बहुधा वारसा, वाटणी आणि विवाह अशा मोठ्या प्रसंगांच्या आधारे होते. ज्या प्रसंगी मालमत्ता कोणाच्याच नावावर व्हायची नसते, वस्तूचा वापर मोजक्या रात्रींपुरता असतो आणि सगळे आनंदासाठीच जमलेले असतात, तेथे तोच प्रश्न अधिक निर्भेळपणे तपासता येतो. तीन पिढ्यांच्या कुटुंबाने समुद्रसहलीच्या जहाजावर केबिनी कशा वाटून घ्याव्यात आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हा असा एक प्रसंग आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे सहलीचे जहाज सुरू झाले, त्यानंतर मुंबईहून इतरही सहली निघू लागल्या, आणि परदेशी स्थायिक झालेली मुले व इथून गेलेले आईवडील अशाच एखाद्या जहाजावर एकत्र येतात. त्यामुळे मराठी कुटुंबांनाही हा प्रसंग आता परका राहिलेला नाही.

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी जहाजावरील व्यवस्था आधी ध्यानात घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची केबिन, समुद्राकडे खिडकी असलेली केबिन, सज्जा असलेली केबिन आणि प्रशस्त सूट अशा चढत्या क्रमाने दर वाढत जातात. भाडे बहुधा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून माणशी आकारले जाते. त्यामुळे भिंतीतून खाली ओढायच्या शय्येवर किंवा सोफ्यावर झोपणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला दर कमी पडतो, तर एकट्याने केबिन घेणाऱ्याला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. परिणामी कुटुंबातील विधवा आत्या किंवा अविवाहित काका यांना कोणाच्या तरी केबिनमध्ये सामावून घ्यायचे, हे त्यांना विचारण्यापूर्वीच हिशेबाने ठरवून टाकलेले असते. किल्ली म्हणजे बहुतेक जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या नावाचे कार्ड असते. तेच कार्ड दार उघडते, जहाजावरील खर्च खात्यावर चढवते आणि बंदरात उतरताना व परत चढताना त्या व्यक्तीची नोंद करते. दाराची किल्ली, पैशाची थैली आणि उपस्थितीची खूण या तीन गोष्टी अशा रीतीने एकाच वस्तूत आल्यामुळे ती कोणाच्या हाती द्यायची, या निर्णयाचे वजन वाढते.

अशा वाटपात न्यायाचा विचार करणे म्हणजे नात्यांत परकेपणा आणणे होय, असे मानणारी एक गंभीर वैचारिक परंपरा आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतितत्त्वविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, माणसांच्या मनात परस्परांविषयी अमर्याद सद्भावना असती तर न्याय निरुपयोगी ठरला असता, आणि कुटुंब हे त्या स्थितीच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण आहे. मायकेल सँडेल यांनी १९८२ मध्ये जॉन रॉल्स यांच्या न्यायविचारावर टीका करताना हाच धागा पुढे नेला: ज्या घरात माया नांदते तेथे कोणाच्या वाट्याला काय आले याची मोजदाद होत नाही, आणि ती मोजदाद सुरू झाली तर त्या घराने काही तरी गमावलेले असण्याचा संभव असतो. उलट सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, जेथे मोजदाद होत नाही तेथे वाटप होतच नाही असे नसते. ते रूढीने होते, आणि रूढीचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो. सहलीच्या केबिनींना हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. कोणीही काही न ठरवता लहान मुलांबरोबर, सर्वांत अरुंद केबिनमध्ये, वरच्या शय्येवर जी व्यक्ती झोपते, ती बहुतेक घरांत आई किंवा धाकटी सून असते, आणि तिने तक्रार केली नाही हे स्नेहाचे लक्षण समजले जाते.

या वादात एक निर्णायक साक्ष बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, सापडते. संघातील माणसांनी घर, धन आणि वारसा सोडलेला होता; स्वामित्वाची आसक्ती ओळखून ती क्षीण करणे हेच त्यांच्या जीवनाचे ध्येय होते. ह्यूमच्या युक्तिवादानुसार न्यायाची गरज जर कोठे संपायला हवी होती, तर ती येथे. तरीही विनयाच्या चुल्लवग्ग या भागातील एक संपूर्ण प्रकरण ‘सेनासन’ या विषयाला, म्हणजे झोपण्या-बसण्याच्या जागांना, वाहिलेले आहे. त्यात येणारी एक कथा अशी: बुद्धांसह संघ प्रवासात असताना षड्वर्गीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिक्षूंचे शिष्य पुढे धावले आणि आपल्या गुरूंसाठी व स्वतःसाठी जागा अडवून बसले, मागून आलेल्या सारिपुत्तांना, म्हणजे बुद्धांच्या अग्रशिष्याला, ती रात्र झाडाखाली काढावी लागली. त्यानंतर आदर, आसन आणि अन्न यांत ज्येष्ठतेचा क्रम ठरवून देण्यात आला. पण नियम तेथे थांबले नाहीत. आजारी भिक्षूला जागेवरून उठवू नये असे ठरले. या सवलतीचा आधार घेऊन चांगल्या जागा दाबून ठेवल्या जाऊ लागल्या, तेव्हा निमित्त पुढे करून जागा अडवण्यासही मनाई झाली. आणि उपनंद नावाच्या भिक्षूने दोन ठिकाणी निवास धरून ठेवला, तेव्हा एकाने दोन जागा अडवू नयेत, असा नियम झाला. विरक्तांनाही हे सर्व लिहून ठेवावे लागले. त्याचे कारण त्यांची माया उणी होती असे नाही. जागा मर्यादित असली की चांगल्या हेतूची माणसेही एकमेकांना अडचणीत आणतात, हे त्या परंपरेने प्रामाणिकपणे मान्य केले होते.

याहून महत्त्वाचा आहे तो वाटप करणाऱ्याविषयीचा विचार. विनयाने शयनस्थाने नेमून देण्यासाठी स्वतंत्र अधिकारी कल्पिला आणि त्याची पात्रता सांगताना चार ‘अगती’ वर्ज्य ठरवल्या. अगती म्हणजे ज्या वाटेने निर्णय जाऊ नये अशी वाट. आवडत्या माणसाकडे झुकणे, नावडत्यावर राग काढणे, अज्ञानाने किंवा गोंधळाने ठरवणे आणि बलवानाला भिऊन ठरवणे, अशा त्या चार वाटा आहेत. शिवाय कोणती जागा दिली गेली आणि कोणती राहिली, याचे त्याला नीट ज्ञान असले पाहिजे, अशी अट आहे. कुटुंबातील वाटपाचे दोष तपासायला याहून नेमकी कसोटी मिळणे कठीण आहे, कारण घरात द्वेषाने होणारा अन्याय क्वचित आढळतो. लाडक्या मुलाला सज्जा मिळणे, रागीट वडीलधाऱ्याला भिऊन सर्वांनी गप्प राहणे, आणि आजीला रात्री दोनदा उठावे लागते हे माहीतच नसल्यामुळे तिला प्रसाधनगृहापासून दूरची शय्या मिळणे, हे मात्र सर्रास घडते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे: हा अधिकारी संघापुढे उघड प्रस्ताव मांडून, संघाच्या संमतीने नेमला जात असे. तेथेही मौन हीच संमती मानली जाई, पण ते मौन सर्वांसमक्ष विचारणा झाल्यानंतरचे होते. ज्या घरात विचारणाच झालेली नाही, तेथील मौनाला संमती म्हणता येत नाही.

राजगृह येथे हे काम स्वतःहून मागून घेतलेल्या दब्ब मल्लपुत्त या भिक्षूची पद्धत विनयात सविस्तर वर्णिली आहे. सूत्रांचे पठण करणाऱ्यांना तो सूत्रपाठकांजवळ जागा देई, विनयाची चर्चा करणाऱ्यांना त्यांच्यासारख्यांजवळ, ध्यान करणाऱ्यांना ध्यानस्थांजवळ, म्हणजे एकाचा स्वभाव दुसऱ्याला विघ्न होत नसे. आणि गप्पांत व शरीरपुष्टीत रमणाऱ्यांनाही तो तशाच सोबत्यांजवळ ठेवी, जेणेकरून तेही सुखाने राहतील. केबिनच्या सहवासाला हे तत्त्व सरळ लागू होते. वय, नाते आणि खर्चाचा वाटा यांवरून जोड्या लावण्याऐवजी झोपेची वेळ, घोरणे, पहाटेची पूजा, प्रकाशाची गरज आणि बोलण्याची आवड यांवरून लावल्या, तर लहान केबिनही पुरते. अशा जोड्यांतही क्रम लागतो: आधी शारीरिक गरज, मग स्वभावाचा मेळ, त्यानंतर ज्येष्ठता, आणि शेवटी पसंती. सज्जा किंवा खिडकी एकाच केबिनला असेल तर ती जागा दिवसा सर्वांना खुली ठेवणे हा अतिरिक्त लाभ वाटून घेण्याचा न्याय्य मार्ग ठरतो, कारण तेथे झोपण्याचा हक्क एकाचा असला तरी समुद्र पाहण्याचा आनंद विभागण्याजोगा असतो.

आधुनिक गणितानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. फ्रान्सिस सू यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, काही साध्या गृहीतकांखाली खोल्यांच्या भाड्याची अशी विभागणी नेहमीच असते की प्रत्येकाला वेगळी खोली पसंत पडते आणि कोणालाही दुसऱ्याचा हेवा वाटत नाही. समान स्थितीतील मित्रांसाठी हे उत्तर सुंदर आहे; परंतु त्यात पसंती पैशाच्या मापाने मोजली जाते, आणि कुटुंबात आजोबांचे निवृत्तिवेतन, मुलाचा पगार आणि नातीचे रिकामे हात यांना ते माप सारखे लागू होत नाही. ज्याने भाडे भरले त्याला निवडीचा पहिला अधिकार, हा नियम कुटुंबात म्हणूनच अपुरा ठरतो: ज्याने सर्वांचे भाडे भरले त्याने ते भेट म्हणून दिले असेल, तर त्या भेटीतून अधिकार परत मागणे विसंगत आहे, आणि भेट म्हणून दिले नसेल, तर ते निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगणे योग्य आहे.

किल्लीचा प्रश्न यापुढचा आहे, कारण वाटपाने माणसाला जागा मिळते, पण त्या जागेत शिरण्याची सत्ता किल्ली ठरवते. विनयात विहारांच्या दारांना किल्लीसाठी छिद्र ठेवण्याची आणि धातू, लाकूड किंवा शिंग यांची किल्ली वापरण्याची अनुज्ञा आहे. ज्यांच्याजवळ चीवर आणि भिक्षापात्र यांखेरीज फारसे काही नसे, त्यांच्याही खोलीला कुलूप असू शकते, या तथ्याला तात्त्विक अर्थ आहे. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात मधल्या समाईक दालनाभोवती तीन बाजूंनी बारा खोल्या असून प्रत्येकीत दोन दगडी शय्या आहेत. एकत्र जमण्याची जागा आणि मागे सरण्याची जागा या दोन्ही एकाच वास्तूत खोदणाऱ्यांनी संघजीवनाची दोन्ही अंगे सारखीच आवश्यक मानली, असे त्यावरून दिसते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क प्रामुख्याने राज्यसत्तेविरुद्धचा असला, तरी त्यामागील प्रतिष्ठेची कल्पना नातलगांनाही बांधून घेते.

म्हणून दुसऱ्याचे दार उघडू शकणारी किल्ली जवळ बाळगण्यास जबाबदारीखेरीज दुसरा आधार असू शकत नाही. लहान मुलाची काळजी ज्याच्यावर आहे त्याने ती बाळगावी. हृदयविकार असलेल्या वडिलांच्या केबिनचे जादा कार्ड मुलीने ठेवावे, पण वडिलांनी ते स्वतःच्या इच्छेने दिलेले असावे. वयात आलेल्या मुलामुलींच्या केबिनचे कार्ड आईवडिलांकडे असले, तरी दार वाजवून थांबण्याची मर्यादा त्यांनी पाळावी. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मुलाच्या खासगीपणाचे रक्षण करतो आणि वय व समज यांच्या प्रमाणात त्याच्या मताला वजन द्यावे असेही सांगतो. आजोबांनी भाडे भरले किंवा मोठ्या भावाने आरक्षण केले, एवढ्यावरून सर्व दारे उघडण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

येथे सत्याचाही प्रश्न उद्भवतो. अनेक जहाजकंपन्यांचा नियम असा असतो की, अल्पवयीन प्रवाशाच्या केबिनमध्ये ठरावीक वयाचा प्रौढ नोंदलेला हवा. म्हणून पुष्कळ कुटुंबे कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक पालक व एक मूल दाखवतात आणि चढल्यावर स्वागतकक्षातून जादा कार्डे घेऊन आईवडील एका, तर मुले शेजारच्या केबिनमध्ये राहतात. कंपनीला हे ठाऊक असेल आणि तिने त्यास मुभा दिली असेल, तर यात फसवणूक नाही. पण यादीचा हेतू केवळ हिशेबाचा नसतो, हे विसरता कामा नये. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची संकटकाळी जमण्याची कवायत झालेली नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून ती कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक झाले. जमण्याचे ठिकाण बहुधा केबिनवरून ठरत असल्यामुळे कागदावरील केबिन आणि प्रत्यक्षातील शय्या यांत फरक असेल, तर संकटात कोणते मूल कोणी आणि कोठे न्यायचे, हे कुटुंबाने आधी ठरवून प्रत्येकाला सांगितलेले असणे हे नैतिक कर्तव्य ठरते.

संघ हा स्वेच्छेने स्वीकारलेला समुदाय होता, कुटुंब जन्माने लाभते, म्हणून संघाचे नियम कुटुंबाला लागू करू नयेत, असा आक्षेप घेता येईल. वास्तविक हा फरक न्यायाची निकड वाढवणारा आहे. ज्याला समुदाय सोडून जाता येतो त्याच्या हाती अन्यायावर एक उपाय तरी उरतो. ज्याला कुटुंब सोडता येत नाही आणि भरसमुद्रात जहाजही सोडता येत नाही, त्याला वाटप करणाऱ्याच्या नीतीखेरीज आधार नसतो. मात्र कर्तव्य एकतर्फी नाही. मेत्तिय आणि भुम्मजक या नव्या भिक्षूंच्या वाट्याला कनिष्ठ जागा व अन्न आले, तेव्हा त्यांनी निर्दोष दब्बावर खोटा आरोप रचला, आणि निराधार आरोपाला गंभीर अपराध ठरवणारा नियम त्यातूनच निर्माण झाला. कनिष्ठ वाटा हा वाईट हेतूचा पुरावा नसतो, हे घेणाऱ्यानेही ओळखावे लागते.

सँडेल यांची भीती पूर्णपणे निराधार नाही. जेथे प्रत्येक उशीचा हिशेब मागितला जातो तेथे माया टिकत नाही. परंतु तो हिशेब मागण्याची वेळ बहुधा आधी विचारले न गेल्यामुळे येते. निघण्यापूर्वी प्रत्येकाला त्याची गरज विचारणे, वाटपाचे निकष उघडपणे सांगणे, वाटप करणाऱ्याने उत्तम जागा स्वतःसाठी राखून न ठेवणे आणि प्रत्येक किल्लीसोबत तिची जबाबदारी सांगणे, एवढे केले की न्यायाचे काम प्रवास सुरू होण्यापूर्वीच पूर्ण होते. त्यानंतर कोणी आपली खिडकीजवळची शय्या आपण होऊन दुसऱ्याला दिली, तर ते खरे औदार्य ठरते, कारण जे माणसाच्या हक्काचे म्हणून मान्य झालेले असते तेच त्याला प्रेमाने देता येते.