संत दामाजीपंत : आधी धर्म, मग पावती



पंढरीत श्रीविठ्ठलाचे दर्शन घेऊन अनेक यात्रेकरू सुमारे २५ किलोमीटरवरील मंगळवेढ्यास जातात आणि संत दामाजीपंतांच्या मंदिरात माथा टेकतात. दामाजीपंत हे १५ व्या शतकात बेदरच्या बहामनी राजवटीतील मंगळवेढ्याचे अंमलदार. सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या स्वाधीन होती.

महिपतींच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथात त्यांची कथा आली आहे. भीषण दुष्काळ पडला होता. पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांच्या घरी जेवावयास बसला. परंतु घरी उपाशी असलेल्या मुलाबाळांच्या आठवणीने त्याच्या घशाखाली घास उतरेना. ते पाहून पंतांचे अंतःकरण द्रवले. पुढे अन्नावाचून तळमळणारे लोक दारी येताच त्यांनी सरकारी कोठारे खुली केली.

हुकमाची वाट पाहत स्वस्थ बसणे पंतांना सहज शक्य होते. तसे केल्याने त्यांच्यावर कसलाच ठपका आला नसता. मात्र तोवर माणसे जगली नसती. पंतांनी माणसे वाचविली आणि ठपका स्वतःच्या शिरावर घेतला.

बेदरला चुगली पोहोचली. पंतांना धरून नेण्यास शिपाई आले. जाताना त्यांनी एकच मागणे केले, वाटेत पांडुरंगाचे दर्शन घडावे. इकडे भगवंत विठू महाराचे रूप घेऊन दरबारी गेले, धान्याचे मोल मोहरांनी चुकते केले आणि पावती घेतली. समाजाने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच रूपाने देव धावून आला, हेही ध्यानी ठेवावे.

ही कथा ऐकताना आपले लक्ष पावतीकडे लागते. परंतु पंतांनी कोठाराचे कुलूप काढले, तेव्हा विठू महार बेदरला निघालेला नव्हता. त्या क्षणी त्यांच्यापुढे केवळ शिक्षा होती. फळाची हमी मिळाल्यावर केलेले सत्कर्म हा व्यवहार होय. हमी नसताना केलेले सत्कर्म हाच धर्म.

कोणी विचारील, दुसऱ्याच्या धान्यावर पंतांनी पुण्य जोडले काय? नियम लबाडही मोडतो. पण तो लाभ स्वतः घेतो आणि दोष दुसऱ्यावर ढकलतो. पंतांनी स्वतःसाठी दाणाही ठेवला नाही, काही लपविले नाही, ते पळालेही नाहीत. जाब देण्यास ते बेदरच्या वाटेने निघाले.

आपल्याही हाती कसली ना कसली किल्ली असतेच. कोणाच्या हाती तराजू, कोणाच्या हाती सही, कोणाच्या मुखी साक्ष. ‘आज एवढे चालवून घेऊ’ असे मन म्हणू लागले, की मंगळवेढ्याचे ते कोठार आठवावे. देव प्रत्येक वेळी मोहरा घेऊन येईलच असे नाही. परंतु निर्मळ मनाने त्याच्यासमोर उभे राहता येणे, हे काय थोडे आहे?

तेवढे बळ सर्व भाविकांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ जय हरि विठ्ठल ॥