राखून ठेवलेला डाव

राजकारणात एखाद्या ज्येष्ठाने बाजी पलटवली की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला असतो : वस्ताद एक डाव राखून ठेवतो. वाचायला बरे वाटते. पण त्या मथळ्यातला वस्ताद पट्ठ्याला भिणारा आहे, आणि अशा वस्तादांच्या भरवशावर कुस्ती इतकी टिकलीच नसती.

गोष्ट जुनी आहे. फारसी कवी सादीच्या ‘गुलिस्तान’मधला मल्ल तीनशे साठांपैकी एक डाव शिष्यापासून लपवतो आणि त्याच डावाने त्याला पाडतो. तिथे शिष्य माजलेला होता. आपण मात्र त्या एका शिष्याला दिलेला धडा सगळ्या तालमींचा नियम करून टाकला. डाव मुरतो तो रोजच्या लढतीत, त्याची तोड शोधणाऱ्या जोडीदारासमोर. ढाक किंवा कलाजंग लपवायचा, तर तो मारून पाहायचा कुणावर? तोड न भेटलेला डाव वस्तादाच्या अंगातही बोथट होत जातो. शिवाय पन्नाशीतल्या वस्तादाला पंचविशीतला पट्ठा दमावरच पाडेल. राखलेला डाव त्याला फार तर एखादी कुस्ती वाचवून देईल. पुढे तो डाव त्याच्याबरोबर चितेवर जातो.

 

डाव न राखणारा वस्ताद कसा असतो, ते आमच्याच भागात दिसते. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीला लागून असलेल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांना घडवले. बिराजदार भारी वजनाचे. काका हलक्या वजनाचे, नाव कमावले ग्रीको-रोमनमध्ये, १९९८चा अर्जुन पुरस्कारही त्याच कुस्तीवर. त्या प्रकारात कमरेखाली धरायला मनाई, म्हणजे पाय धरून पट काढणे हे हत्यारच हातातून गेलेले. आपल्या वाटेने न जाणारा पट्ठा वाढू देणे, हे मला बिराजदारांच्या किताबांहून मोठे वाटते.

२०११ साली बिराजदार गेले, तेव्हा त्यांच्याकडे शिकणारा पाटोद्याचा राहुल आवारे काकांच्या तालमीत आला. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण आणले, २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काकांचेच पट्ठे. हर्षवर्धन ३-२ने जिंकला आणि त्याने शैलेशला खांद्यावर घेतले. डाव राखून ठेवणारा वस्ताद यांतल्या कुणापासून काय राखणार होता?

म्हणून मी पैलवान घडवणारा आणि वस्ताद घडवणारा असा भेद करतो, आणि तो सोडायला तयार नाही. पैलवान घडवणे अवघड आहेच, पण त्याचे फळ दहा-बारा वर्षांत संपते. राहुल पोरका झाला नाही, कारण बिराजदारांनी आधीच एक वस्ताद उभा केला होता.

आमच्याकडच्या जत्रांत मात्र नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत सगळे इनाम पैलवानाला. खिळवून ठेवणारी असते ती शेवटची कुस्ती, हे मान्य. तरी तिच्या इनामातला काही भाग देवणी-निलंग्याच्या गावांत पोरांकडून जोर-बैठका काढून घेणाऱ्या माणसाला, महिन्याच्या महिन्याला, मानधन म्हणून द्यावा. आणि तो माणूस निवडताना त्याच्या किताबांआधी हे विचारावे, की त्याच्या हाताखालचे किती जण आज कुठे शिकवतात.