घाटाआधीचा थांबा

राजापूरहून निघालात, ओणीला महामार्ग सोडून उजवीकडे वळलात. पाचल मागे पडलं. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहिला. अणुस्कुरा घाटाची चढण लागण्याआधी कडेला रुंद जागा बघून गाडी थांबवा. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. चावी काढून तळहातावर घ्या.

हे सगळं मनातल्या मनात करायचं आहे. डोळे मिटलेत तर उत्तम. पाठ सीटला टेकू द्या, खांदे सैल सोडा. इंजिन बंद झाल्यावर बॉनेटखालून टक्, टक् असा आवाज येत राहतो. तापलेलं लोखंड गार होताना आकसतं, त्याचा तो आवाज. हळूहळू तो विरळ होईल. तो थांबेपर्यंत तुम्हीही थांबा.

आज बसला आहात ती घरची साधी गाडी. मनात मात्र गेले काही महिने दोन वेगवान गाड्या उभ्या आहेत, एक जुनी आणि एक नवी. जुनी विकणारा म्हणतो, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. शोरूममधून निरोप येतो, ही किंमत महिनाअखेरपर्यंतच. मन म्हणतं, गणपतीच्या आत गाडी दारात यायला हवी. या तिन्ही घाईंपैकी एकही गाडीची नाही. गाडी तुमच्याकडे आठ-दहा वर्षं राहणार आहे. तिच्यासाठी आपण अर्धा तास काढू.

आधी जुनीला समोर येऊ द्या.

ती फियाटची अबार्थ पुंटो आहे असं धरू. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली, बनली रांजणगावला. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि तेव्हाची एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. नाकावर विंचवाचं चिन्ह, कारण संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. पुढच्या तीन-चार वर्षांत फियाटने आपल्याकडच्या गाड्या बंद केल्या आणि ही गाडी मागे उरली, थोड्याच लोकांकडे.

तिचं स्टिअरिंग धरा. ते हायड्रॉलिक आहे. पंप तेलावर दाब देतो आणि तो दाब तुमच्या मनगटाला हात देतो. रस्त्यावरची खडी, पॅच मारलेलं डांबर, चाकाची पकड सुटायची सुरुवात, हे सगळं तळव्यांना कळत राहतं. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबा. दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन जरा जड वाटतं. धुराड्याकडे जाणारा वायू टर्बोचं चाक फिरवतो, ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, आणि त्याला वेग धरायला क्षणभर लागतो. तो क्षण सरला की पाठ सीटमध्ये रुतते. ज्याने हे एकदा अनुभवलं त्याच्या मनातून ते सहज जात नाही.

इथे स्वतःला हळूच विचारा. मला ही गाडी हवी आहे, की एक आठवण हवी आहे? कोकणातल्या कितीतरी घरांत फियाट हा शब्द गाडीच्या आधी माणसाची आठवण करून देतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी, म्हणजे लोकांची फियाटच, मुंबईत काळी-पिवळी होऊन धावली. गावी यायला निघालेल्या माणसांनी बोजे-वळकट्या तिच्याच कॅरिअरवर बांधल्या. त्या ओढीत वाईट काही नाही. फक्त तिला ओळखा आणि शेजारी बसवून ठेवा. निर्णय तिच्या हाती देऊ नका.

एक श्वास घ्या. आता नवी येऊ द्या.

ती फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. जून २०२२ मध्ये आली, बनते चाकणला. म्हणजे दोघींचं माहेर पुणे जिल्हाच. इंजिन १४९८ सीसीचं, तेही टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीचं. कागदावर पाच अश्वशक्तींचा फरक, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. फरक ताकद हाती कशी येते यात आहे. सोळाशे फेऱ्यांपासूनच हिचा पूर्ण जोर मिळू लागतो, त्यामुळे वाट पाहावी लागत नाही. सपाट रस्त्यावर निवांत चाललात तर चारांपैकी दोन सिलिंडर ती स्वतःच बंद करते, इंधन वाचवते, आणि पाय दाबताच पुन्हा चालू करते. तुम्हाला कळतही नाही. स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. ते हलकं आहे, नेमकं आहे, आणि रस्त्याविषयी मोजकंच बोलतं.

दोघी दिसल्या. आता घाट चढा, मनातच.

पाऊस आहे. राजापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस. याच घाटाने एके काळी राजापूर बंदराचा माल बैलांच्या पाठीवरून वर जात असे. बैलाला घाई नव्हती, म्हणून वाट चालली. तुम्ही आधी जुनीत आहात. आंधळं वळण येतं, सेकंड टाकता, फेऱ्या राखता, टर्बोला झोपू देत नाही. वळण बरोबर साधलं की छातीत एक समाधान पसरतं. ते तुमच्या हातांनी कमावलेलं असतं. पुढच्या वळणावर दरडीची लाल माती रस्त्यावर आली आहे आणि वरून एसटी उतरते आहे. तुम्ही ब्रेक दाबता आणि स्टिअरिंग फिरवता. जुनीत एबीएस आहे, म्हणून चाकं जाम होत नाहीत. पण गाडीचा मागचा भाग फिरू लागला तर त्याला आवरणारं तुमच्याखेरीज कुणी नाही.

आता तेच वळण नवीत घ्या. तीच माती, तीच एसटी. हिला मागे साधे ड्रम ब्रेक आहेत. त्या बाबतीत जुनीच वरचढ. पण हिच्यात ईएससी आहे. चाकं किती फिरताहेत, स्टिअरिंग कुठे वळलं आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे, हे ती एकेका सेकंदात कितीतरी वेळा ताडून पाहते. मेळ बसला नाही की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीवर आणते. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलेली ही युक्ती आज मध्यम किमतीच्या गाडीत मिळते. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या अपघात-सुरक्षा चाचणीत हिला पाच तारे मिळाले, मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठीही पाच.

मनात आता दोन पक्ष भांडू लागतील. भांडू द्या. तुम्ही ऐका आणि घाट उतरून परत या.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावी जाऊ. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. तो बारमाही वाहतो, माणसं येतात, अंग शेकून जातात. तिथून थोड्याच अंतरावर गंगा आहे, चौदा कुंडांची. ती साधारण तीन वर्षांनी येते असं म्हणतात, आणि अलीकडे तिचा तोही नेम राहिलेला नाही. आली की गावोगावची माणसं लोटतात. मग एके दिवशी कुंडं कोरडी होतात. झरा मात्र वाहतच असतो.

वेगवान गाडीतही हे दोन्ही असतं. तिची ती पाठ सीटला चिकटवणारी ताकद गंगेसारखी आहे. महिन्यातून कधीतरी दहा मिनिटं, मोकळ्या रस्त्यावर, ती प्रकट होते. महामार्गाचं काँक्रीट रुंद झालं तरी पावसाळ्याच्या रात्री कोरड्या, उबदार जागेसाठी गुरं त्यावरच येऊन बसतात, आणि पाय आपोआप सैल होतो. उरलेला सगळा काळ झऱ्याचा. बाजारात जाणं, जवाहर चौकात जागा शोधणं, आईला दवाखान्यात नेणं, राजापूर रोड स्टेशनावर कुणाला आणायला जाणं. गंगा यावी म्हणून गाडी घ्यायला हरकत नाही. पण राहायचं झऱ्यापाशी आहे, हे लक्षात असू द्या.

म्हणून आता गुण बाजूला ठेवू. जे आवडलं त्याची वर्षभरात सवय होते. जे खुपतं ते रोज नव्याने खुपतं. या मननातला मुख्य प्रश्न तोच आहे. गाडीबरोबर आपण तिचे दोष निवडत असतो. कुठले दोष तुम्ही मायेने सोसाल?

जुनीचा दोष जवळून बघा. श्रावणातली सकाळ आहे, रात्रभर कोसळून आता कुठे उघडलंय. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी. बॉनेट उघडता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा चढला आहे. इंजिनवरच्या झाकणावर उंदराने सुपारीच्या साली आणि सुकं गवत आणून ठेवलं आहे. एका वायरचं प्लास्टिक कुरतडलंय आणि आतलं तांबं ओल्या उजेडात चमकतंय. तुम्ही बुरा घासून काढता, साली काढता, टेपचे दोन वेढे तांब्यावर घट्ट देता. चावी फिरवता. पहिल्यांदा घेत नाही. दुसऱ्यांदा घेते, आणि शेडचा पत्रा थरथरतो.

या क्षणी थांबा. तुमच्या चेहऱ्यावर काय आहे? वैताग असेल तर तो खरा माना. हसू असेल तर तेही खरं माना. कारण ही सकाळ पुन्हा पुन्हा येणार आहे. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागेल, तो तुटला तर इंजिन वाचेलच असं नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्याच्या आधीची आहे, म्हणून रबरी नळ्या आणि सील अधूनमधून तपासावे लागतील. एखादा सुटा भाग मिळवायला पुण्या-मुंबईत फोनवर फोन करावे लागतील. २०१५-१६ मध्ये नोंदलेल्या गाडीची पंधरा वर्षं २०३०-३१ मध्ये भरतील. तेव्हा एमएच-०८ ची ती नंबरप्लेट टिकवायची तर तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल.

नवीचा दोषही तितक्याच जवळून बघा. एका संध्याकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी चालते आहे, आवाज नाही, वास नाही. बॉनेट उघडता, तर वर काळं झाकण, आणि खाली तुमच्या हाताला करण्यासारखं काही नाही. तुमचा नेहमीचा मेस्त्री वाकून बघतो आणि मान हलवतो. मग फोन, तारीख, आणि घाट चढून कोल्हापूरपर्यंत जाणं. लॅपटॉप जोडला जातो, दिवा विझतो. काय झालं होतं ते तुम्हाला नीट समजत नाही. त्याखेरीज दर महिन्याचा हप्ता. तो तुमच्या खात्यातून जातो, पण घरातल्या प्रत्येकाच्या वाट्यातून थोडा थोडा जातो.

पुन्हा चेहरा बघा. आपल्याला न कळणाऱ्या यंत्रावर विसंबून राहण्यात तुम्हाला निश्चिंती वाटते, की लाचारी? दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात.

आता एक शेवटची पायरी, आणि ती सगळ्यात सावकाश उतरा. प्रत्येक दोषापुढे लिहा, हा कुणाच्या अंगावर पडतो? कुरतडलेली वायर तुमच्या रविवारावर पडते. सुट्या भागाची शोधाशोध तुमच्या खिशावर पडते. हप्ता घरावर पडतो, म्हणून तो घराला विचारून ठरवा. पण लाल मातीच्या त्या वळणावर जी मदत जुनीत नाही, तिचा अभाव फक्त तुमच्यावर पडत नाही. शेजारच्या सीटवर बसलेली बायको, मागे झोपलेलं मूल, समोरच्या एसटीतली माणसं, यांनी तो दोष निवडलेला नाही.

माझं मत सांगतो. गाडीत बहुतेक वेळा तुम्ही एकटे असाल, घरी दुसरी गाडी असेल, हाताला काळं लागलेलं आवडत असेल, तर जुनी घ्या आणि तिला मनापासून सांभाळा. असं सांभाळणंही एक साधना आहे आणि ती करणारी माणसं राहिली पाहिजेत. पण घरात एकच गाडी असणार असेल आणि तीत रोज आपली माणसं बसणार असतील, तर नवी घ्या. स्वतःच्या अंगावर पडणारे दोष हौसेने घ्यावेत. दुसऱ्यावर पडणारे दोष हौसेखातर घेऊ नयेत.

हे तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. चावी अजून तुमच्याच तळहातावर आहे. ती एव्हाना उबदार झाली असेल. बॉनेटखालची टिकटिक थांबली आहे. लांबवर पावशा ओरडतोय, डोंगरावर ढग उतरलाय.

डोळे उघडा. चावी लावा, आज जी गाडी आहे तीच सुरू करा. पहिलं वळण येतंय, पलीकडचं दिसत नाही. गिअर उतरवा, आणि न दिसणाऱ्या त्या माणसासाठी हॉर्न द्या.